काच वळत नाही

प्रिय शेंडेफळास,

ताईचे अनेक आशीर्वाद. (एक रागही आहे, तो त्याच्या जागी येईल.)

तुला आठवतं का, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाबा तपकिरी कागदाचा एक मोठा ताव आणायचे आणि आपण टेबल बाजूला सरकवून तो जमिनीवर पसरायचो? तावाला गुंडाळी व्हायची सवय, म्हणून एका कोपऱ्यावर बसून राहणं हे तुझं काम. फक्त बसायचं, बोलायचं नाही. मी अकरा वर्षांची, तू सहा. हुद्दा आणि अनुभव दोन्ही माझ्याकडे. मी वह्या उघडून कागदावर मांडायची, पेन्सिलीने कडा आखायची, आणि दर वर्षी एका तावात आठ वह्यांची कव्हरं बसायची. नववी वही, म्हणजे तुझी छोटी चित्रकलेची, कायम उरायची आणि तिला जुन्या कॅलेंडरचं पान मिळायचं. त्या वर्षी तू कोपऱ्यावरून म्हणालीस, "ताई, त्या चार भिंगरीसारख्या लाव ना." मी तुला गप्प बस म्हटलं, पण बाबांनी ऐकलं होतं. त्यांनी चार वह्या एक उभी, एक आडवी अशा एकीच्या टोकाला दुसरी लावत फिरवून मांडल्या, आणि मधोमध जो चौकोन उरला त्यात तुझी चित्रकलेची वही अशी जाऊन बसली, जणू कोणी तिच्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. बाबा म्हणाले, "पोरीला डोकं आहे." एवढंच. मला हे वाक्य कधी मिळालं नाही. मला 'मोठी समजूतदार आहे' मिळायचं, जे लोक डोकं नसलेल्यांनाही देतात. या गोष्टीला सत्तेचाळीस वर्षं झाली. मी ती केव्हाच विसरून गेले आहे.

आता प्रकृती. कॉन्व्हेंटमध्ये पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर (त्याच, ज्या शाईचा डाग दिसला की आधी आकाशाकडे आणि मग माझ्याकडे बघायच्या) सांगत, की पहिल्या परिच्छेदात समोरच्याची खुशाली विचारावी, दुसऱ्यात हवा सांगावी आणि तिसऱ्यात कामाचं बोलावं. तर तुझी मान कशी आहे? खुर्ची बदललीस का? माझी भाची वेळेवर जेवते का, की तीही तुझ्यासारखी पडद्यासमोर बसून बिस्किटांवर शिक्षण पूर्ण करणार आहे? तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. हवा बरी आहे. तुझ्या भावोजींच्या डाव्या तळहाताला तीन टाके पडले आहेत. घाबरू नकोस, सुकत आलेत. ही गोष्ट तुला सांगायची नाही असं मला बजावलेलं आहे, म्हणूनच सविस्तर सांगते.

तुला आमचं काचेचं दुकान माहीत आहे, पण त्यातली आमची सकाळ तुला माहीत नाही. तेहेतीस वर्षं रोज नऊ ते साडेनऊ आम्ही दोघं मागच्या खोलीत बसायचो. आदल्या दिवशी आलेल्या मापांचे मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवलेले असायचे, एका फुटाला एक इंच या हिशेबाने, आणि चौकटीच्या कागदावर काचेचा पूर्ण ताव आखलेला असायचा. मग कोणता तुकडा कुठे बसवला म्हणजे कमीत कमी काच वाया जाईल, हे आम्ही सरकवून सरकवून बघायचो. मध्ये चहाचे दोन कप. यांचा हात उजवीकडून यायचा, माझा डावीकडून, आणि बहुतेक वेळा शेवटचा तुकडा मी बसवायची. तेव्हा हे मान हलवायचे. तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण ती मान कशी हलायची ते मला ठाऊक आहे. मुलं मोठी होऊन गेली, दुकानावरची पाटी तीनदा बदलली, चष्म्यांचे नंबर वाढले, पण तो अर्धा तास तसाच राहिला. शंभर फूट काचेतली माझी नऊ फूटच वाया जायची. बाजारात हा आकडा सांगितला तर लोक चेष्टा समजायचे.

आणि मग तू आलीस. म्हणजे तू नाही, तुझा प्रोग्राम आला. तू कारखान्यांसाठी असली गणितं सोडवतेस याचा मला अभिमानच होता, जोवर ती दुसऱ्यांच्या कारखान्यांत होती. मागच्या भेटीत यांनी तुला सहज विचारलं की आमच्या कापणीचं काही होईल का, आणि तू चहा निवायच्या आत "भावोजी, हा तर अगदी जुना प्रश्न आहे, याचे चांगले अल्गोरिदम आहेत" असं म्हणालीस. त्या दिवसापासून अल्गोरिदम हा शब्द आमच्या घरात जावयासारखा वावरतो. त्याला कोणी उलट बोलत नाही.

तू फोनवर मलाही समजावून सांगितलंस, ते मी नीट ऐकलं होतं (तुला वाटलं असेल मी भाजी चिरत होते; दोन्ही करत होते). आधी सर्वांत मोठा तुकडा कोपऱ्यात ठेवायचा, मग त्याहून लहान, असं करत एक मांडणी बनवायची. मग त्यातल्या दोन तुकड्यांची अदलाबदल करून बघायची. काच वाचली तर नवी मांडणी ठेवायची, नाही वाचली तर पुन्हा पहिली. इथवर ठीक, हे मीही करते. पण तू पुढे म्हणालीस की अधूनमधून मुद्दाम थोडी वाईट मांडणीही पत्करायची, नाहीतर प्रोग्राम एकाच जागी घुटमळत राहतो आणि त्याहून चांगलं पलीकडे काही असेल याचा त्याला पत्ताच लागत नाही. हे ऐकून मला माझं लग्न ठरलं ते दिवस आठवले. आणि तू म्हणालीस की अशा लाखभर मांडण्या तो चार सेकंदांत बघतो. तेहेतीस वर्षं सुट्ट्या धरूनही मी तेवढ्या बघितल्या नसतील.

शंभरात पाच. तुझ्या प्रोग्रामने पहिल्याच दिवशी शंभर फुटांत फक्त पाच फूट वाया घालवली. यांनी हा आकडा फळ्यावर लिहिला. माझा नऊ कधी फळ्यावर गेला नव्हता. मग त्यांनी तो समोरच्या औषधवाल्याला सांगितला, पोस्टमनला सांगितला, मला दोनदा सांगितला. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून घरातून एक कापड नेलं, आणि ते कोणतं, तर मी नववीत असताना सिस्टरांच्या नजरेखाली वर्षभर भरलेला टेबलक्लॉथ, ज्याच्यावर घरच्या माणसांना कप ठेवायची बंदी आहे. मी काही बोलले नाही. आपलं वळणच तसं. पण रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ते मागच्या खोलीत जाऊन तो टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी असा उचलत, जसा एखाद्या नवरीचा पदर वर करावा. मग तुला फोन. "आमची मेव्हणी" हे शब्द मी त्या महिन्यात इतके ऐकले की लग्न कोणाशी झालंय याची मला आठवण करून द्यावी असं वाटायला लागलं. शिवाय फोनवर त्यांचा एक वेगळा आवाज लागतो. हसरा. तो आवाज घरात होता हे मला माहीतच नव्हतं.

चहाचे दोन कप मी तरीही न्यायची. एक ते प्यायचे. दुसरा मी उभ्याने प्यायची, कारण माझ्या खुर्चीवर प्रिंटर बसला होता.

आता अपघात. सुरुवातीला तू मला म्हणाली होतीस, "ताई, काच कापायचे सगळे नियम लिहून पाठव. तुला अगदी क्षुल्लक वाटतील तेसुद्धा. मशीनला काहीच माहीत नसतं, जे सांगू तेवढंच त्याचं जग." मी चौकटीच्या वहीत सतरा नियम सुवाच्य अक्षरात लिहून पानांचे फोटो पाठवले. नक्षीच्या काचेत नक्षी उभीच राहिली पाहिजे, तुकडा आडवा फिरवायचा नाही. तावाची मूळ कड कधी सरळ नसते, ती दोन बोटं सोडायची. थंडीतून आत आणलेली काच लगेच कापायची नाही, तिला खोलीत जरा बसू द्यायचं. सतराव्यात अंगठी काढून ठेवण्याबद्दलही लिहिलं होतं, ज्याचा तुझ्या प्रोग्रामला फारसा उपयोग झाला नसावा. अठरावा मात्र राहून गेला. काच कापायच्या हिऱ्याने मारलेली रेघ या काठापासून थेट त्या काठापर्यंत जावी लागते. मध्येच थांबता येत नाही, मध्येच वळता येत नाही. काच कागदासारखी नसते. पण जे आपण रोज डोळे मिटून करतो ते लिहून ठेवायचं कोणाला सुचतं? पायऱ्या उतरताना एकावेळी एकच पाय उचलावा, असं कोणी लिहितं का?

तीन आठवडे काही बिघडलं नाही, कारण मापंच अशी येत होती की रेघा आपसूक काठापासून काठापर्यंत जायच्या. मग शेजारच्या गल्लीत दातांचा नवा दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरीणबाईंची ऑर्डर आली. आडोशासाठी जाड, साध्या काचेचे तुकडे, चार लांबट आणि एक लहान, असे दहा संच. यांनी तावाचं माप घातलं, चार सेकंद वाट पाहिली आणि एकदम उठून उभे राहिले. एका तावात पाचही बसले होते. आम्ही पुठ्ठ्याने करतो तेव्हा चारच बसतात, पाचवा कायम दुसऱ्या तावातून. हे इतके खूश, की त्यांनी डॉक्टरीणबाईंना बघायला बोलावलं. कापणी बघायला कोणी येतं का? पण त्या आल्या, बिचाऱ्या सभ्य आहेत.

मी तेव्हा मागच्या फळीवर लांबीचे, म्हणजे काच चौकटीत पक्की करायच्या लुकणाचे, डबे मोजत होते, त्यामुळे पुढचं सगळं मला बाहेरून ऐकू आलं. आमचे कापणारे काका तुला आठवत असतील, ते यांच्या वडिलांच्या वेळचे, आणि मापाखेरीज फारसं बोलत नाहीत. (मागे त्यांना प्रकृती विचारली तर म्हणाले, "दोन सूत कमी.") काकांनी टेबलावर ताव ठेवला, यांनी पडद्यावर बघून त्याच्यावर पाचही तुकडे आखले. चार लांबट कडेने फिरत गेलेले, मध्ये लहान. काका हिरा हातात घेऊन टेबलाभोवती एक फेरी फिरले. मग दुसरी. मग उलट्या बाजूने तिसरी. शेवटी थांबून म्हणाले, "मालक, सुरुवात कुठून?"

अगं, चाळीस वर्षं काच कापणारा माणूस विचारतोय की सुरुवात कुठून, आणि पस्तीस वर्षं काच विकणारा माणूस सांगतोय की मशीनने लाख मांडण्या तपासल्यात, तिला काय एवढंही कळलं नसेल, सुरुवात असणारच, आपल्याला दिसत नाहीये. काकांनी हिरा हळूच टेबलावर ठेवला आणि हात पुसले. मग यांनी तो उचलला. डॉक्टरीणबाईंसमोर माघार कशी घेणार? अर्ध्यापर्यंत रेघ मारली, थांबले, वळवली, आणि खालून ठोकलं. काचेने वळण मानलं नाही. ती सरळ गेली, तिथून तिरकी गेली, आणि शेवटी यांच्या तळहातात गेली.

डॉक्टरीणबाई दातांच्या असल्या तरी हात चांगला आहे. दवाखान्याचं सामान खोक्यांतच होतं, त्यातून शोधून तिथेच टाके घातले, आणि पहिला टाका घालताना सवयीने यांना म्हणाल्या, "आ करा." यांनी केला. आणि तो उघडा आहेच तर म्हणून त्यातून त्यांना अल्गोरिदम समजावून सांगितला.

मी धावत गेले तेव्हा यांचा चेहरा पांढरा पडला होता, हाताखाली पातेलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. भीती वाटली म्हणतील, तू हवी होतीस म्हणतील. ते म्हणाले, "शेंडेफळाला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

तिला वाईट वाटेल! सिस्टरांनी उद्गारचिन्ह पत्रातून एकदाच वापरायची मुभा दिली होती, ते मी इथे वापरते आहे.

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. तू मनाला लावून घेऊ नकोस (थोडं लावून घेतलंस तर माझी हरकत नाही). मानेला शेक दे. उत्तर फोनवर नको, कागदावर दे. फोन आला की तो कोण उचलतं आणि कोणत्या आवाजात बोलतं, हे वर लिहिलंच आहे.

तुझी,
समजूतदार ताई

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर आलंच नाही. अठरावा नियम तू प्रोग्राममध्ये घालशीलच, तुला ते जमेल, मला ठाऊक आहे. मला विचारायचं होतं ते वेगळंच. त्याला चार सेकंद लागतात ना? ते जरा वाढवता येतील का? अर्धा तास पुरे. सकाळी नऊला माप घातलं की त्याने साडेनऊपर्यंत काही दाखवू नये, पडद्यावर 'विचार चालू आहे' एवढं लिहून यावं. हवं तर त्याने खरोखरच विचार करावा, लाखाच्या जागी कोटभर मांडण्या बघाव्यात, माझं काही म्हणणं नाही. पण तेवढ्या वेळात हे रिकामे बसणार नाहीत. त्यांना बसवत नाही. ते पुठ्ठ्याचे तुकडे मागतील. प्रिंटर मी खुर्चीवरून आधीच उतरवला आहे. आणि काम झाल्यावर हे कोणी करायला सांगितलं ते भावोजींना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल.

ता. क. दुसरा. मी लांबीचे डबे मोजत नव्हते. लांबीचे डबे तीनच असतात, ते कोण मोजेल. मी दारात उभी होते, चहाचा कप घेऊन, आणि त्याच्या आधीही, डॉक्टरीणबाई यायच्या अगोदर, मी पडद्यावरची मांडणी पाहिली होती. चार फिरत्या, मध्ये एक. ती भिंगरी मी जगात कुठेही ओळखेन. मला तू दिसलीस, कोपऱ्यावर मांडी घालून बसलेली, मोज्याला भोक पडलेली. आणि मला कळलं की ही काचेत जमणार नाही. एक शब्द बोलायचा होता. मी बोलले नाही. मला फक्त यांनी मागे वळून माझ्याकडे बघावं असं वाटत होतं, काका फेऱ्या मारत होते तेव्हाही वाटत होतं. हात कापेल असं वाटलं नव्हतं गं, शपथ. वाटलं होतं, फार तर एक ताव जाईल.

आणि अठरावा नियमही राहून गेला नव्हता. वहीत तो मी सर्वांत आधी लिहिला होता, पहिल्या क्रमांकावर. मग ते पान फाडलं आणि बाकीचे सतरा नव्याने क्रमांक घालून सुवाच्य अक्षरात लिहून काढले. तू म्हणाली होतीस ना, मशीनला जे सांगू तेवढंच त्याचं जग. मला वाटलं, एवढी एक गोष्ट माझ्याकडेच राहू दे.

हे यांना मी परवा सांगितलं, पट्टी बदलताना. त्यांनी पट्टीचं टोक अंगठ्याने दाबून धरलं. मग म्हणाले की पडदा बघताना त्यांनाही आतून खटकत होतं, पण माझ्याकडे बघितलं तर मी गप्प, म्हणून त्यांना वाटलं बरोबर असेल. म्हणजे त्यांनी बघितलं होतं. मीच तेव्हा कपाकडे बघत होते.

ता. क. तिसरा, पार्सलबद्दल. सोबतचं पार्सल स्वतः उघड, घाईने नको. वर चौकटीची वही आहे ती तुझी. फाडलेलं पान आत चिकटवून दिलं आहे, अठरा नियम पूर्ण आहेत, मोजून घे. बिस्किटांच्या डब्यात पुठ्ठ्याचे जुने तुकडे आहेत ते भाचीला दे. तिला सांग, आधी हातांनी सरकवून बघ आणि मग आईचा प्रोग्राम बघ, उलट्या क्रमाने नको. मऊ फडक्यात काचेचा छोटा ट्रे आहे, फुटलेल्या तावातून काकांनी कडा घासून केला, तो तुझ्या सासूबाईंना. ओल्या हाताने उचलू नये. काकांनी तुझ्यासाठी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा: "सरळ रेघ." टेबलक्लॉथ मी परत मागत नाही, तो कॉम्प्युटरवरच राहू दे, पण त्याच्यावर कप ठेवायचा नाही हे तू फोनवर त्यांना सांग, तुझं ऐकतात.

आणि पार्सल ज्या तपकिरी कागदात गुंडाळलं आहे तो फेकू नकोस, भाचीच्या वह्यांना ठेव. पूर्ण ताव आहे, कुठे फाटलेला नाही. नऊ बसतात. मी काल जमिनीवर पसरून बघितलं. कोपऱ्यावर बसायला हे होते.